डोक्यावर उभा राहिलेला तंदूर

मित्रांनो, मी एक जुना तंदूर आहे, आणि हे सारे मी तुम्हाला डोक्यावर उभा राहून सांगतो आहे. हसू नका. आधी ऐका.

माझा जन्म तिकडे उत्तरेतल्या रामपूरचा. तिथल्या एका कुंभारणीने चिकणमातीत बकरीचे केस मळून मला थरावर थर देत घडवले. माझे तोंड अरुंद ठेवले आणि बूड रुंद, तेही उघडेच. तंदूर जमिनीत पुरायचा असतो, त्याला बूड हवे कशाला? आत कोळसा पेटतो, भिंती तापतात आणि नानबाई, म्हणजे रोट्या भाजणारा कारागीर, पिठाची रोटी आतून माझ्या भिंतीला थापतो. ती फुगली, की सळईने अलगद वर काढतो. माझ्या नानबाईचे नाव शहबाज. त्याच्या रोटीसाठी रोज सकाळी गल्लीत रांग लागे. मला त्याचा थोडा ताठा होता. थोडा कसला, चांगलाच होता.

मग गल्लीतला रस्ता रुंद झाला आणि आमचे दुकान त्यात गेले. शहबाजची बायको खैरुन हिचे माहेर वडशाला. तिचा भाऊ गफ्फार तिथे पंक्चर काढतो. त्याने फोनवर सांगितले, बिनधास्त या, आमच्या गावात एकही नानबाई नाही. शहबाजला वाटले, नशीब उघडले. खैरुनने मला आपल्या लग्नातल्या रजाईत गुंडाळले आणि आम्ही रेल्वेने वडशाला येऊन उतरलो.

गफ्फार खोटे बोलला नव्हता. नानबाई खरोखरच नव्हता, कारण हा मुलूख धानाचा. इथे सकाळी भात, संध्याकाळी भात, आणि कोणी आजारी पडले तर पेज. याबद्दल विचारले तेव्हा गफ्फार शांतपणे म्हणाला, "मले वाटलं, तुमी आल्यावर खातीन लोकं."

सणासमारंभाला रोटी लागे, नाही असे नाही. पण ती करायला शेजारच्या रुखमाबाई होत्या. त्या मातीचा माठ चुलीवर पालथा घालत, खालून जाळ करत आणि सैल पिठाचा गोळा हातावर खेळवत कोपरापर्यंत लांबवत. ती रुमालासारखी पातळ रोटी मग माठाच्या पाठीवर पसरत. पालथ्या घड्यावर पाणी, ही म्हण मी ऐकून होतो. इथे पालथ्या घड्यावर रोटी होत होती, आणि झकास होत होती.

या रुखमाबाईंनी मला पहिल्यांदा पाहिले, माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि खैरुनला विचारले, "बाई, याले उलटा काऊन ठेवला?"

मी सरळ उभा होतो, मित्रांनो! रामपुरात मला असे कोणी बोलले नव्हते. पण त्या रोज येत आणि रोज तेच विचारत.

शहबाज काम शोधत हिंडू लागला. ब्रह्मपुरी रोडवर लटारूभाऊंचा धाबा होता, तिथे तो पहिल्यांदा गेला. भाऊंनी चहा पाजला आणि विचारले, इथचा अनुभव हाये का? शहबाजने रामपूरचा सांगितला. भाऊ म्हणाले, तो तिकडचा झाला, आधी इथचा घ्या मग या. तो कुठे मिळतो, असे शहबाजने विचारले. भाऊंनी मनापासून सल्ला दिला, कामावर लागलं का भेटते. शहबाज घरी येऊन या वाक्याचा विचार करत बसला. अजूनही कधीकधी करतो.

एका हॉटेलवाल्याने त्याला डोसे करायला सांगितले. हा बाहेरून आलाय, म्हणजे डोसा येतच असेल, असा त्याचा हिशोब. लग्नातल्या एका स्वयंपाक्याने कांदे चिरायला बसवले. शेवटी तो राइस मिलमध्ये पोती उचलू लागला. ज्या बोटांना माझ्या भिंतीचा ताप नुसता हात फिरवून कळे, ती बोटे सुतळीने सोलून निघाली. संध्याकाळी तो माझ्या काठावर हात टेकून उभा राही. मला फार वाईट वाटे. त्यात माझ्या पोटात गफ्फारच्या कोंबडीने संसार थाटलेला, त्यामुळे मनमोकळे रडताही येत नसे.

दिवाळी झाली आणि मंडई आली. मंडई म्हणजे इकडची मोठी जत्रा. नाटकांच्या कंपन्या येतात, आणि घरोघरी इतके पाहुणे येतात की यजमानाला स्वतःला बसायला जागा उरत नाही. शहबाजने मात्र ठरवले होते, की मंडईच्याच दिवशी दुपारच्या गाडीने एकट्याने नागपूरला जायचे, मिळेल ते काम करायचे. खैरुनने त्याची पिशवी भरली आणि तोंड फिरवून भांडी घासत बसली. मला फोडून आपल्या पंक्चरच्या दुकानासमोरच्या खड्ड्यात भरायचे, हे गफ्फारने केव्हाच ठरवून ठेवले होते.

त्याच सकाळी रुखमाबाईंचा माठ चुलीवर तापता तापता तडकला. लटारूभाऊंच्या घरच्या पाहुण्यांच्या रोट्या त्यांनाच करायच्या होत्या, पीठ मळून तयार होते, आणि गावात तापून मुरलेला दुसरा माठ मोकळा नव्हता. त्या तरातरा आल्या, कोंबडीला हाकलले आणि गफ्फारला म्हणाल्या, उचल.

मग मला त्यांच्या चुलीवर नेले आणि सुलटे केले. म्हणजे उलटे! तोंड जाळावर, रुंद बूड आभाळाकडे. शहबाज धावत आला आणि हात जोडून सांगू लागला, की हे असे नसते. रुखमाबाई म्हणाल्या, "भाऊ, तुमी त्याले सालभर उलटा ठेवला. मिळालं का काम?"

शहबाजने जोडलेले हात सोडले.

रुखमाबाईंनी लांबच लांब रोटी हातावर खेळवली आणि माझ्यावर पसरली. पण माठाला पाठ असते, मला तिथे नुसते भगदाड. रोटी मधोमध खचली आणि सरळ माझ्या पोटात गेली. जाता जाता आतल्या तापलेल्या भिंतीला चिकटली. माझा जीव हरखला. किती दिवसांनी! मी तिला घट्ट धरले. ती फुगली, तिच्यावर तांबूस ठिपके उमटले, आणि शहबाजचा हात न सांगता चुलीजवळ पडलेल्या सळईकडे गेला.

रुखमाबाईंनी तुकडा मोडून खाल्ला. "जाड हाये," त्या म्हणाल्या. आणखी एक तुकडा मोडत म्हणाल्या, "पण गोड हाये."

शहबाजने त्यांच्या सैल पिठात कोरडे पीठ घातले, त्यांनी गोळे लांबवले, त्याने ते भिंतीला थापले. खैरुनने भांडी तशीच टाकली आणि रोट्या टोपल्यात रचू लागली. दुपारची गाडी शिट्टी देऊन गेली. कोणी मान वर केली नाही.

लटारूभाऊ टोपले न्यायला आले आणि रोट्या पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. रुखमाबाई म्हणाल्या, आधी खा. भाऊंनी उभ्या उभ्या एक रोटी संपवली, तीही कोरडी. मग शहबाजकडे वळून त्यांनी सवयीने विचारले, "इथचा अनुभव हाये का?"

शहबाजने सळई बाजूला ठेवली. "हाये ना भाऊ," तो म्हणाला. "आज सकाळपासूनचा हाये."

भाऊ खो खो हसले आणि म्हणाले, उद्यापासून या, हे मडकेही घेऊन या.

आता मी धाब्यावर असतो. मला बसवताना रुखमाबाई देखरेखीला आल्या आणि उलटाच बसवून गेल्या. शहबाजने खाली कोळसा पेटवला. माझ्या मानेला चटके बसतात, पण रुंद बाजू वर असल्याने लांब रोटी आत मावते, हे कबूल करायला हवे. गफ्फारचा खड्डा अजून तसाच आहे. त्याच्या धंद्याला तो मानवला आहे.

मित्रांनो, एवढेच मागणे आहे. तुमच्या गावात कोणी लांबून आला, तर त्याला इथला अनुभव मागू नका. तो त्याच्या गाठोड्यात कुठून असणार? तो तुमच्याजवळ असतो, तुम्हीच द्यायचा असतो. जमले तर त्याला सरळ उभे राहू द्या. नाहीच जमले, तर निदान खाली जाळ करा. पुढचे तो बघून घेईल.