कपाळाला हात

निवृत्त माणूस घरात काय करतो, तर दुसऱ्यांच्या पायात पायात येतो, असं ड्रायव्हरकाका स्वतःच म्हणायचे. आयुष्यभर त्यांनी शहराची बस चालवली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी इमारतीतली माणसं त्यांना ड्रायव्हरकाकाच म्हणत. बायको केव्हाच गेली होती. घरात ते, मुलगा आणि सून. मुलगा एका शीतगृहात कामाला होता, सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. सून घरीच शिवणकाम करायची. कपडे घट्ट-सैल करणं, चेन बदलणं, काज-बटणं. पण लोक लांबून यायचे ते तिच्या हातशिलाईसाठी. टाका कुठे घातलाय ते शोधून सापडायचं नाही.

सासरा आणि सून यांच्यात भांडण कधी नव्हतं, आणि फारसं बोलणंही नव्हतं. "बाबा, चहा ठेवलाय." "सूनबाई, दूध आणू का?" एवढ्यावर दिवस निभायचा. त्यात कुणाला काही कमी वाटत नव्हतं.

मग तिच्या छातीत गाठ निघाली.

ऑपरेशन झालं, आणि पुढे किमोच्या सलाइन सुरू झाल्या. सलाइनच्या दिवशी मुलगा रजा टाकायचा. बाकीचे दिवस मात्र काकांच्या वाट्याला आले. सुरुवातीला तर दुखणं कुठलं, हेच त्यांच्या तोंडून निघेना. कुणी विचारलं की म्हणायचे, "ते आपलं... ते दुखणं." सुनेला उलटी झाली की बादली बाथरूमच्या दाराशी ठेवून ते पाठ फिरवून उभे राहायचे. जवळ जावं तर तिला संकोच, न जावं तर जीवाला घोर.

एकदा सकाळी ते पाव घेऊन लवकर परतले. सून डोक्याला काही न बांधता खोलीतून बाहेर आली होती. केस पार गेले होते. ती जागच्या जागी थिजली. काकाही पाव हातात धरून दारातच उभे. मग त्यांनी आपल्या डोक्यावरची लोकरी टोपी काढली आणि पुढे केली.

"घे. मला अर्ध्याच टकलाला लागते."

सून आधी बघत राहिली, मग खुदकन हसली, आणि हसता हसता खाली बसली. त्या दिवसापासून घरात ती डोकं झाकायची बंद झाली.

तिला वासाने मळमळायचं. कांदा तर नकोच, तापलेलं तेलही नको. काका उकडलेल्या बटाट्यांवर आले. "ड्रायव्हरला काय, स्टॉपवर मिळेल ते खायचं," म्हणायचे आणि मुकाट्याने गिळायचे. त्यात समोरच्या दारातल्या मावशी म्हणजे उंटावरच्या शहाण्या. रोज नवा रस, नवा काढा. एकदा त्या सुनेसमोर बसून सांगू लागल्या, "माझ्या नणंदेच्या दिराला अगदी हेच होतं गं. काय धीराचा माणूस! शेवटपर्यंत हसत होता." 'शेवटपर्यंत' म्हटल्यावर सुनेचा चेहरा उतरला. काकांनी मावशींना दारापर्यंत सोडलं आणि हळूच म्हणाले, "मावशी, बसमध्ये पाटी असायची, ड्रायव्हरशी बोलू नये. तशी एक आमच्या दारावर लावावी म्हणतो." मावशी आठवडाभर फिरकल्या नाहीत.

नव्या औषधाच्या सलाइन सुरू झाल्यावर एक वेगळंच लचांड मागे लागलं. सुनेच्या हातून वस्तू निसटू लागल्या. आज चमचा, उद्या कपाची बशी. "ओला होता हो हात," ती म्हणायची. काका तुकडे गोळा करायचे आणि कानाडोळा करायचे. पण एका दुपारी ती मशिनशेजारी बसून एका पांढऱ्या शर्टाच्या कॉलरला टाके घालत होती, आणि काकांना कॉलरवर लाल ठिपके दिसले. एक, मग त्याच्यापुढे आणखी एक. ती शिवतच होती.

"सूनबाई, बोट बघ."

तिने बोट वळवून बघितलं. सुई नखाशेजारी चांगलीच खोल घुसली होती. तिने ती उपसून काढली, तरी चेहऱ्यावर काही उमटलं नाही. कळलंच नव्हतं तिला. नुसती बघत राहिली, जसं काही बोट दुसऱ्याच कुणाचं होतं.

थंड पाण्याखाली कॉलर चोळता चोळता ती म्हणाली, "बाबा, हे कुणाला सांगायचं नाही. ह्यांनाही नाही."

"अगं पण डॉक्टरांना तरी..."

"त्यांनाच तर नाही! मुंग्या वाढल्या, बधिरपणा आला, तर औषध कमी करावं लागेल म्हणालेत. कमी केलं आणि ते परत आलं, तर? बोटांचं काय घेऊन बसलात? बोटं गेली तर गेली." ती वळली. "शब्द द्या मला."

तिने आजवर त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. काकांनी शब्द दिला, आणि दिल्या क्षणापासून तो त्यांना जड झाला. संध्याकाळी मुलगा जेवायला बसला की त्यांना वाटायचं, आता सांगावं. पण मुलगा थकून आलेला असायचा, बायकोकडे बघून ओढूनताणून हसायचा, आणि काका पाण्याचा ग्लास उचलून तोंडाला लावायचे.

चार-पाच दिवसांनी दुपारी मशिनचा आवाज थांबला. बराच वेळ झाला तरी सुरू झाला नाही. काकांनी खोलीत डोकावलं. बाहेर ऊन रणरणत होतं आणि सून दोन पांघरुणं घेऊन भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"बरं वाटत नाही का?"

"थकवा आहे. झोपते जरा."

"ताप बघितलास?"

"बघितला. नव्याण्णव आहे."

काका वळले. वळता वळता त्यांना उशीखालून डोकावणारी गोळ्यांची पट्टी दिसली. तापाच्याच गोळ्या, त्यातल्या बऱ्याचशा संपलेल्या. सुई लागलेला हात तिने पांघरुणात लपवला होता. किमो चालू असताना ताप आला तर गोळी घेऊन घरी बसायचं नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं, हे पहिल्याच दिवशी नर्सने तिघांनाही बजावलं होतं.

ती या घरात आल्यापासून काकांनी तिला कधी स्पर्श केला नव्हता. आजारपणातसुद्धा नाही. ते पलंगाशी गेले, घटकाभर घुटमळले, आणि मग त्यांनी तिच्या कपाळावर तळवा ठेवला. कपाळ तव्यासारखं तापलं होतं.

"सूनबाई, हे नव्याण्णव नाही."

तिने डोळे उघडले. "बाबा, सोमवारी डोस आहे. आज ताप सांगितला तर ते पुढे ढकलतील. दोनच उरलेत हो. उतरेल हा. गोळी घेतलीय."

"हात दाखव."

"नको."

"दाखव म्हणतो ना!" काकांचा आवाज चढला. त्या घरात असा आवाज कुणी ऐकला नव्हता. तिने हात बाहेर काढला. बोट सुजून टम्म झालं होतं, आणि लाली मनगटाच्या दिशेने सरकत होती.

काकांनी तिच्या चपला पलंगाशी आणून ठेवल्या. ते म्हणाले, "तुला दिलेला शब्द मी आता मोडतोय. नंतर मला काय वाटेल ते बोल. आत्ता चपला घाल."

मुलाला फोन लावला, तो उचलला गेला नाही, म्हणून निरोप ठेवला. टॅक्सीत सून मागे दाराला टेकून बसली. ती थरथरत होती, आणि काका पुढच्या सीटवर बसून दर सिग्नलला नकळत ब्रेक दाबत होते, पायाखाली ब्रेक नसताना. हॉस्पिटलच्या खिडकीशी रांग होती. काकांनी ती डावलली. "माझ्या सुनेची किमो चालूय आणि ताप आलाय," ते मोठ्याने म्हणाले, आणि माणसं बाजूला झाली.

रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. हाताला सलाइन लागली, अँटिबायोटिक सुरू झालं. थोड्या वेळाने तिच्या डॉक्टरबाई आल्या. बोट बघून त्यांनी विचारलं, "हे कशाने झालं?"

सून छताकडे बघत राहिली. डॉक्टरबाईंनी काकांकडे बघितलं. आणि काकांनी सगळं सांगितलं. निसटणारे चमचे, फुटलेली बशी, कॉलरवरचं रक्त, न कळलेली सुई, गोळ्यांची पट्टी. सांगताना ते सुनेकडे बघू शकले नाहीत. बोलून झालं तेव्हा तिने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

डॉक्टरबाई स्टूल ओढून बसल्या. "उद्यावर ढकललं असतं तर हा जंतू रक्तात पसरला असता. मग सोमवारच्या डोसचा प्रश्नच राहिला नसता," त्या शांतपणे म्हणाल्या. "औषध कमी करणं म्हणजे आम्ही हात टेकणं नव्हे. दोन आठवडे थांबू, मग उरलेलं कमी मात्रेत देऊ. असं आम्ही खूप जणांना देतो. पण तुम्ही लपवलंत तर आम्ही आंधळेपणाने देणार."

सुनेने पांघरूण डोक्यावर ओढलं.

मुलगा धावतपळत आला तो बापावरच उखडला. "तुम्हाला माहीत होतं? आणि मला सांगितलं नाहीत?" काकांनी ऐकून घेतलं. त्यात खोटं काय होतं? ते खाली उतरले आणि हॉस्पिटलसमोरच्या बसस्टॉपवर जाऊन बसले. बस आली, थांबली, गेली. दुसरी आली. तिचा ड्रायव्हर दार उघडं ठेवून त्यांच्याकडे बघत राहिला. काकांनी मान हलवली. त्यांना कुठेच जायचं नव्हतं.

सून आठवडाभर हॉस्पिटलमध्ये होती. ताप तिसऱ्या दिवशी उतरला, पण काकांशी बोलणं बंदच. काका रोज सूपचा डबा घेऊन जायचे. ती प्यायची, डबा बाजूला ठेवायची, नवऱ्याला म्हणायची, "बाबांना सांगा, मीठ जास्त आहे." बाबा दोनच हातांच्या अंतरावर बसलेले असायचे. दुसऱ्या दिवशी ते मीठ कमी घालायचे, तरी निरोप तोच.

घरी आल्यावर एका संध्याकाळी काका बाल्कनीत दोरीवरचे कपडे काढत होते. ती येऊन दाराला टेकली.

"तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत, असं मी अजून म्हणणार नाही," ती म्हणाली.

"नको म्हणूस."

ती कठड्याशी येऊन रस्त्याकडे बघू लागली. "बाबा, मला काय वाटायचं सांगू? मी जरा जरी कच खाल्ली ना, तर ते ऐकेल. ते आत बसलंय ना, ते. हिची हिंमत सुटली म्हणेल आणि पुन्हा डोकं वर काढेल. म्हणून मी दुखतंय म्हणायचंच नाही, असं ठरवलं होतं. ह्यांच्यासमोर पण नाही. रडले तर नळ सोडून रडायचे."

'काही होणार नाही' हे वाक्य काकांच्या ओठांवर आलं होतं. सगळेच म्हणत होते ते. त्यांनी ते गिळलं.

"मलाही भीती वाटते," ते म्हणाले.

"तुम्हाला? कसली?"

"तू गेलीस तर या घरात माझ्याशी बोलणार कोण? तुझा नवरा शीतगृहात राहून राहून थिजलाय नुसता." हसायला गेले, पण आवाज फाटला. "नळ सोडत जाऊ नकोस. पाणी जातं वाया. रड सरळ."

ती हसली, आणि मग खरोखरच रडली, हमसून हमसून, दोरीवरच्या वाळलेल्या टॉवेलात तोंड खुपसून. काका शेजारी उभे राहिले. या वेळी त्यांनी पाठ फिरवली नाही.

उरलेले डोस कमी मात्रेत झाले. मुंग्या लगेच गेल्या नाहीत. अंगठे हळूहळू शुद्धीवर आले, पण उजव्या हाताची दोन बोटं बधिर राहिली ती राहिलीच. हातशिलाईची गिऱ्हाइकं तिने ओळखीच्या एका बाईकडे पाठवली. शेवटचा कोट पाठवताना त्याची घडी तिने तीनदा घातली आणि तीनदा मोडली. मशिनवरचं काम तेवढं ठेवलं. लोकांना ती सांगायची, "डोळे थकलेत." घरात मात्र खरं काय ते बोललं जाऊ लागलं. पाय जळजळतात, आज भीती वाटतेय, आज कुणी बोलू नका माझ्याशी. मुलालाही त्याची सवय झाली. कधीतरी तोही म्हणायचा, "आज मला वाटतेय भीती."

पहिल्या मोठ्या तपासणीच्या आधीचा आठवडा तिघांचाही जीव टांगणीला लागला होता. रिपोर्टच्या दिवशी मुलाला रजा मिळाली नाही, म्हणून काका गेले. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर दोघं शेजारी बसली. समोर एक तरुण जोडपं कुजबुजत भांडत होतं, ते बघण्यात थोडा वेळ गेला. मग हाक आली. सून एकटीच आत गेली, ते तिला तसंच हवं होतं.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. सरळ चालत जिन्यापर्यंत गेली, कठडा धरला आणि म्हणाली, "सध्या काही दिसत नाही म्हणाल्या. तीन महिन्यांनी परत बोलावलंय."

"सध्या," काका म्हणाले.

"हो. सध्या."

तिने नवऱ्याला फोन लावला, तेच त्याला सांगितलं, आणि फोन सासऱ्यांच्या हातात दिला. काकांनी तो कानाला लावला. पलीकडून मुलगा पुन्हा पुन्हा विचारत होता, "बाबा? खरं ना, बाबा?" काकांनी "हो" म्हटलं. पुढचा शब्द काही केल्या बाहेर पडेना.

सुनेने त्यांच्या हातातून फोन काढून घेतला.

"बाबा रडताहेत," ती म्हणाली. "आज लवकर सुटता आलं तर बघा."