माळेवर सुई चालत नाही

कऱ्हाटीच्या गेणबाची काविळीची माळ डोक्यावर ठेवली की आठवड्याभरात पोटापर्यंत ओघळायची. कोवळ्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गाठवलेले. काड्या वाळल्या की गाठी सैल पडायच्या, माळ लांबायची आणि तिच्याबरोबर कावीळही उतरली असं लोक मानायचे. एका गड्याची माळ तर एवढी लांबली, की त्यानं त्या माळेनंच बैल बांधला. बैल मी पाहिलाय. तोही जरा पिवळटच होता.

अट एकच. माळ अंगावर असताना सुई टोचायची नाही. टोचली तर माळ आखडते आणि कावीळ काळजात शिरते.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात खुद्द गेणबाच्या बायकोचे, दगडाबाईचे, डोळे हळदीसारखे झाले. गेणबानं माळ घातली. माळ गुडघ्याला टेकली, डोळे होते तसेच. शिवाय उजव्या बरगडीखाली कळ, अंगभर खाज, थंडी वाजून ताप.

"बारामतीला न्या की मला."

"तितं सुई मारत्यात."

"मारू द्या. बायकू ठिवायची का माळ?"

"अगं, गेणबाचीच बायकू दवाखान्यात गेली म्हणल्यावर लोक त्वांडात श्याण घालतील माझ्या."

"घालू द्या. धुता येतंय की!"

दोन दिवसांनी तिची शुद्ध गेली, तेव्हा शेजारच्या मोहनरावानं कुणाला न विचारता तिला जीपमध्ये घातलं. गेणबा माळेचं टोक मुठीत धरून शेजारी बसला.

बारामतीत नर्सनं आधी कात्रीनं माळ कापली, मग सुई लावली. डॉक्टर म्हणाले, "कावीळ ही नुसती खूण असते, आबा. दूषित पाण्यानं होते, दारूनं होते, रक्तातल्या बिघाडानं होते. यांच्या पित्ताच्या नळीत खडा अडकलाय. आत पू झालाय. पहिल्या कळेलाच आणायचं होतं."

"मग माझ्या माळंनं एवढी मानसं बरी झाली, ती कशी?"

"पाण्याची कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते. माळ नसती तरी झाली असती."

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडाबाई गेली.

गाव म्हणालं, बघा, माळ कापली, सुई मारली, बाई मेली! गेणबाच्या दारातली रांग दुप्पट झाली.

गेणबा रांगेपुढं हात जोडायचा. "बाबांनो, माळंत काय न्हाय. रगात तपासून घ्या, जावा."

"आबा दुःखात हायती," लोक एकमेकांना समजावत. "बोलतील थोडं दिवस."

डाळजची सारजा नवऱ्याला घेऊन दुपारभर दारात बसली. नवरा पिवळाजर्द, उजवी कूस धरून वाकलेला.

"त्येला आत्ताच्या आत्ता बारामतीला ने, पोरी," गेणबा म्हणाला. "माझीला असंच हुतं."

सारजा ताडकन उठली. "सोताची बायकू गेली म्हणून दुसऱ्याचं कुक्कू पुसाया निघाला व्हय रं म्हाताऱ्या?"

तिनं नवऱ्याला गाडीत घातलं आणि बारामतीच्याच रस्त्यानं नेलं. गेणबाला बरं वाटलं. संध्याकाळी कळलं, ती अलीकडंच, जळोचीला उतरली होती. तिथं एकानं नुकतीच माळ द्यायला सुरुवात केली होती.