तुरीय यंत्राची लकाकी

दुर्गाघाटावरच्या आपल्या गच्चीत विष्णुकाकांनी तुरीय यंत्र उन्हात धरलं. चतकोर भाकरीएवढं ते पितळी यंत्र कैक वर्षं नुसतं पुजलं जात होतं. त्यावर सूर्याची उंची मोजायची विद्या घरात आता एकट्या काकांनाच येत होती, आणि डोळे तर विझत चालले होते. म्हणून विद्यापीठातल्या मालविकाला त्यांनी अगदी हातापाया पडून शिकायला बोलावलं होतं.

ऊन यंत्राच्या सरळ बाजूवरच्या दोन्ही छिद्रांतून आरपार गेलं. ओळंब्याचा दोरा स्थिर झाला.

"सांग लवकर, दोरा किती अंशांवर आहे?"

मालविकाने भिंग लावलं. "काका, यहाँ तो कुछ है ही नहीं," घाबरून ती हिंदीवर गेली. "रेघाच नाहीत."

"डोळे माझे गेलेत की तुझे? पणजोबांनी नव्वद रेघा कोरल्यात!"

काकांनी अंशांच्या गोल कडेवरून नख फिरवलं. पुन्हा फिरवलं. ते कुठेच अडलं नाही. खंडेनवमीच्या पूजेत यंत्र आरशासारखं लखलखलंच पाहिजे, हा त्यांचाच हट्ट. साठ वर्षं स्वतःच्या हातांनी त्यांनी ते चिंच-राखेने घासलं होतं.

जिन्यातून बायकोची हाक आली, "अहो, यंत्र आणताय ना खाली? उद्या खंडेनवमी. चिंच भिजलीय."