तुटक्या पायरीची नोंद

ताईने वही उघडली, चष्मा नाकावर चढवला आणि घसा साफ केला. पार्सलांच्या ढिगांना, हातगाड्यांना, भिंतीला, जिथे जागा मिळेल तिथे टेकलेली वीसेक डिलिव्हरीवाली माणसं तिच्याकडे बघत होती. गाड्या निघण्याआधीची ही पंधरा मिनिटं तिची असत. कुणाला कुठे धोका दिसला, ते ज्याने त्याने संध्याकाळी वहीत लिहायचं आणि सकाळी ताईने सगळ्यांना वाचून दाखवायचं, अशी गोदामाची पद्धत होती.

"कोपऱ्यावरचं निळं फाटक," तिने वाचलं. "कुत्रा बांधलेला असतो, पण दोरी फाटकाच्या बाहेर पोचते."

हशा पिकला.

"पुढची. बंगला नंबर नऊ. बाई फरशी पुसतात आणि मग आत बोलावतात. मी आपटलो. त्यांनी फरशी परत पुसली."

"हाडं मोजून घेतलीस ना रे घरी गेल्यावर?" मावशी म्हणाली.

मावशी तशी कुणाचीच मावशी नव्हती. पंधरा वर्षं दारोदार पार्सलं पोचवणारी ती इथली सर्वांत जुनी बाई. दोन वर्षांपूर्वी एका अंधाऱ्या जिन्यात तिचा घोटा मोडला आणि तीन महिने ती घरी पडून होती. परत आली ती पदर खोचूनच. कंपनीशी झालेल्या तिच्या भांडणातून ही वही आली आणि वहीबरोबर लाल खुणेचा नियम आला. जिना धोक्याचा आहे अशी नोंद झाली की त्या पत्त्यावर लाल खूण. मग जिना नीट होईपर्यंत कुणी वर चढायचं नाही, गिऱ्हाइकाने खाली येऊन पार्सल न्यायचं, आणि घरमालकाला कंपनीचं पत्र जायचं. ही खूण साहेबांनाही पुसता येत नसे. त्या भांडणात मावशीच्या शेजारी उभी राहून सर्वांत मोठ्याने बोलली होती ती ताई. तेव्हा तीही गाडीवरच होती. नंतर सगळ्यांनी मिळून वही तिच्या हातात दिली.

पुढचं पान मौनीबाबाचं होतं. नमस्कारसुद्धा मानेनेच करणारा तिशीतला हा माणूस. त्याच्या नोंदी म्हणजे 'कुत्रा. मोठा.' एवढ्याच. आज मात्र पान भरलं होतं.

"आज मौनीबाबांनी प्रवचन दिलंय, नीट ऐका," ताई म्हणाली आणि वाचू लागली. "पिवळी इमारत, तिसरा मजला. जिन्यात दिवा नाही. दुसऱ्या वळणावर पायरीचा कोपरा तुटलाय. वरचे आजोबा पार्सल घ्यायला तिथपर्यंत खाली उतरतात. तू वर चढू नको म्हणतात. गेल्या मंगळवारी तिथेच..."

ती थांबली. पुढचं तिने मनातल्या मनात वाचलं. 'गेल्या मंगळवारी तिथेच पडले. उजव्या कोपराला लागलं. मी वर नेऊन बसवलं. लेकीला सांगू नको म्हणाले.'

पिवळ्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एकच आजोबा राहत होते, आणि त्यांना एकच लेक होती.

त्या मंगळवारी रात्री फोनवर बाबा म्हणाले होते, "मजेत आहे, मला काय धाड भरलीय?" रविवारी ती गेली तेव्हा एवढ्या उकाड्यात त्यांनी पूर्ण बाह्यांचा सदरा घातला होता आणि चहाचा कप डाव्या हातात धरला होता. का म्हणून विचारलं तर म्हणाले, उजव्याला सुट्टी दिलीय. ती खळखळून हसली होती. आता त्या हसण्याची तिला लाज वाटली.

आणि पार्सलं तरी कुणाची? तिचीच. बाबांना जिना उतरावा लागू नये म्हणून औषधं, साबण, दाढीची पाती असं काहीबाही दर आठवड्याला तीच पाठवत होती. त्या पार्सलांनीच त्यांना जिन्यात आणलं होतं.

"अडलीस का गं?" मावशीने विचारलं. "लाल कर आणि पुढे चल."

"लाल केलं तर आजोबांना तीन मजले उतरावे लागतील."

"मग त्यांच्या घरचे बघतील. असेलच की कुणीतरी."

"आहे ना. मी आहे," ताई म्हणाली. "ते माझे बाबा आहेत."

मागून एकजण म्हणाला, "मग नकोच ना लाल. ताईंचे बाबा म्हणजे आपलेच. जपून चढू की आम्ही."

चार-पाच माना हलल्या. ताईला भरून आलं. हो म्हणावं असं तिला फार वाटलं. तिने मावशीकडे पाहिलं. मावशीचा तो घोटा अजूनही संध्याकाळी सुजायचा, बुटाची नाडी सैल करून ती घरी जायची. अशा वेळी एरवी गप्प न बसणारी मावशी आज खाली मान घालून नाडीशी चाळा करत होती. आपल्याखातर ती गप्प आहे, हे ताईला कळलं.

तिने लाल पेन उचललं आणि पत्त्यावर खूण केली.

"नियम आपणच केलाय," ती म्हणाली. "माझ्या घराला वेगळा कसा असेल? त्यांचं पार्सल मी नेत जाईन."

मावशीने नाक ओढलं. "आता पुढची वाच. उशीर होतोय."

गाड्या भरताना ताईने मौनीबाबाला गाठलं.

"सांगू नको म्हणाले होते ना ते?"

"मी कुठे सांगितलं? चार दिवस विचार केला आणि वहीत लिहिलं. पायरी तुटकी आहे, लिहायला नको?"

"आणि लेक कोण, ते माहीत होतं तुला?"

"त्यांच्या भिंतीवर फोटो आहे तुमचा. आपल्याच जॅकेटातला."

"वही कोण वाचतं, तेही माहीत होतं?"

त्याने हेल्मेट डोक्यावर चढवलं. "म्हणून तर जरा सुवाच्य लिहिलं," म्हणाला आणि गाडीला किक मारून निघून गेला.

संध्याकाळी उन्हं उतरायच्या सुमाराला ती पिवळ्या इमारतीत शिरली. हातात त्या दिवशीचं पार्सल होतं. पहिल्या वळणावरच वरून टॉर्चचा उजेड पडला आणि आवाज आला, "थांब रे बाळा, तिथेच थांब! पायरी तुटकी आहे. मी येतो."

"बाबा, एक पाऊल जरी पुढे टाकलंत तर बघा!"

उजेड जागच्या जागी हलला. "तू होय? तुला कधीपासून पार्सलं वाटायला लावलं परत?"

तिने त्यांना दंडाला धरून घरात नेलं, खुर्चीवर बसवलं आणि न विचारताच बाही वर केली. कोपर हिरवं-निळं झालं होतं. बाबांनी छताकडे बघून तिथल्या रंगाचे पोपडे किती निघालेत त्याची चौकशी केली. आयुष्यभर त्यांनी लोकांची घरं रंगवली होती.

"चाळीस वर्षं शिड्यांवर काढली मी. जिन्याचं काय कौतुक सांगतेस?"

"का उतरता पण? ती मुलं येतात ना वर?"

बाबांनी मलम लावणाऱ्या तिच्या हाताकडे पाहिलं.

"सात वर्षं तू गाडीवर होतीस. रोज मनात यायचं, आत्ता ही कुठल्या जिन्यात असेल. कुणीतरी दोन पायऱ्या खाली यावं हिच्यासाठी, एवढंच वाटायचं. आता ही पोरं येतात. त्यांच्याही घरी कुणीतरी बसलेलं असेलच की."

ताईने मलमाचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाली, "आता ती वर येणार नाहीत. मी लाल खूण केलीय. जिना नीट होईपर्यंत मीच येणार."

"रोज?"

"पार्सल असेल तेव्हा."

"मग जरा जास्त मागवायला हवं," बाबा म्हणाले. मग त्यांना एकदम काहीतरी आठवलं आणि त्यांनी डोळे बारीक केले. "पण तुला कळलं कसं गं? त्या मुलाने सांगितलं?"

"तो? त्याने तोंडातून शब्द काढला नाही."

"वाटलंच मला," बाबा खूश होऊन म्हणाले. "पोरगा शब्दाचा पक्का आहे. असली माणसं सांभाळा तुमच्या कंपनीत."

"हो बाबा," ती म्हणाली आणि त्यांची बाही हलकेच खाली केली.