पुढच्या खोलीतलं लढाऊ जहाज

तोफेच्या तोंडात मोहरीचा दाणा सहज जात होता, मिरीचा अडकत होता. सुमतीने दोन्ही घालून पाहिले आणि तोफ जहाजावर परत ठेवली. नळी आतूनही गुळगुळीत होती. एवढी नजाकत जिच्यातून निघाली, ती मूळची तिच्या माहेरची समई. दुसरी समई, ताम्हणं आणि अभिषेकपात्र बाकीच्या तोफांत गेलं होतं. लग्नातल्या शेल्याचं रेशीम दोरखंडांत गेलं.

तिचे यजमान हरिहरपंत ठाण्याच्या कचेरीत कारकून. समुद्र त्यांनी पाहिला होता तो मुंबईच्या धक्क्यावरून, तोही नाकाला उपरणं लावून. पण विलायती चित्रावरून इंग्रजांचं लढाऊ जहाज हुबेहूब घडवून साहेबाला नजर केलं की बढती आलीच, असं त्यांनी धरलं होतं. तीन वर्षं कल्याणच्या घराची पुढची खोली त्या जहाजाने अडवली होती. जहाज पुरं झालं की खोली सुमतीच्या मुलींच्या शाळेला, असं पंत म्हणत. आणि मग नांगराला आणखी एक कडी सुचे, शिडीला आणखी एक पायरी. शाळा तोवर देवळाच्या ओसरीवर भरे. सन १८८४च्या दसऱ्यापासून ती ओसरी मिळणार नाही, असं पंचांनी बजावलं होतं. खोली नाही, तर शाळा नाही.

दसऱ्याला शस्त्रपूजा, आणि लढाऊ जहाज म्हणजे शस्त्रच. तेव्हा ते काठ्यांसकट उभं करूनच पुजायचं आणि लगेच गाडीत घालून ठाण्याला न्यायचं, असा पंतांचा बेत. आदल्या दिवशी विश्राम सुतार डोलकाठ्यांना सरस लावू लागला, तशी सुमती म्हणाली, "अहो, काठ्या बाहेर नेऊन बसवा. दारापेक्षा वीतभर उंच होतील."

"तू दारं मोज," पंत हसले. "आरमार आमच्याकडे राहू दे."

दसऱ्याला भटजींनी जहाजाला हळदकुंकू वाहिलं, मधल्या काठीला झेंडूची माळ घातली. चार गड्यांनी जहाज उचललं आणि उंबऱ्याशी ती काठी चौकटीवर खाडकन आदळली. कलतं केलं, तर तोफा सुटून गड्यांच्या पायांवर पडू लागल्या.

"पंत, काठी कापू का घर?" विश्रामने विचारलं. "चौकट काढली तर माळा डोक्यावर येईल, आधीच सांगतो."

"पुजलेलं शस्त्र मोडू नये," भटजी दक्षिणा कनवटीला लावत म्हणाले.

पंतांनी जहाज होतं तिथेच ठेववलं. घाम पुसता पुसता त्यांचा चेहरा उजळला. "बरंच झालं! साहेबच इथे येऊन बघेल. तोवर खलाशी घडवायचे राहिलेत, तेही होतील. टोपीसकट!"

"आणि मुली?" सुमतीने विचारलं.

"गोठ्यात बसतील की. म्हैस गरीब आहे आपली."

पडवीत मुली पाटीपूजनासाठी पाट्या छातीशी धरून उभ्या होत्या. त्यांतली शेवंती फिसकन हसली. पंतांनी डोळे वटारले, तशी ती खांबाआड झाली.

सुमती कधी कोणासमोर पंतांना उलट बोलली नव्हती. तिने विश्रामच्या पेटीतली करवत उचलली.

"अगं, हे काय!" पंत ओरडले.

"मुलींनो, आत या," ती म्हणाली. "आजपासून शाळा याच खोलीत भरेल. काठ्या मी कापते, जहाज गोठ्यात जाईल."