वॉचवाल्याची बहीण

तो लायनीवर पाऊल टाकायचा अवकाश, बायकांचे हात जड झाले. स्क्रू सापडेना, स्प्रिंग बसेना, एकीला तर नेमक्या त्याच वेळी शिंका सुटल्या. विजेचे स्विच जुळवणारी ही लांबलचक लाइन एरवी गप्पा मारता मारता अशी चाले की माल उचलणाऱ्याची तारांबळ उडावी. पण कामाचा वेळ मोजणारा हा स्टॉपवॉच आला की सगळ्या एकजात आजारी. वॉचसमोर जी वेगात काम करील ती सगळ्यांच्या पोटावर पाय आणील, कारण आज तिचा जो वेग तेच उद्या लायनीचं टार्गेट. हे कुणाला शिकवावं लागत नसे.

त्याचं खरं नाव बहुतेकींना आठवतही नसेल. स्टॉपवॉच, नाहीतर वॉचवाला. कॅन्टीनमध्ये तो ताट घेऊन बसला की कुणीतरी म्हणणारच, सावकाश जेवा गं, नाहीतर उद्यापासून जेवणाचंही टार्गेट लागेल. तोही हसून घ्यायचा. न हसून करतो काय? घरातलं घड्याळ माणसाला वेळ सांगतं. गळ्यातलं हे यंत्र माणसाने किती वेळ खाल्ला त्याची चुगली करतं. तो स्वतः याच लायनीवरून वर गेलेला, त्यामुळे हात जड करायच्या सगळ्या युक्त्या त्याला पाठ होत्या. साहेबाने त्याला निवडला तो त्यासाठीच. तो मात्र बरंचसं बघून न बघितल्यासारखं करी, आकडा थोडा सैल लिही, साहेब तो थोडा आवळी, आणि सगळ्यांचं निभावून जाई.

लायनीच्या टोकाला त्याची सख्खी मोठी बहीण बसायची. आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं, आणि स्वतःचं लग्न पुढे ढकलता ढकलता ते राहूनच गेलं. कारखान्यात त्याला चिकटवलं तेही तिनेच. त्याच्या गळ्यात वॉच आला तेव्हा तिने अख्ख्या लायनीला चहा पाजला होता. अलीकडे तिची बोटं आखडत. सकाळी गरम पाण्यात धरल्याशिवाय ती वळायचीच नाहीत. निवृत्तीपर्यंतची थोडी वर्षं कशीबशी रेटली की सुटले, असं ती म्हणे.

त्या दिवशी साहेब जातीने आला. मालाची मागणी वाढली होती, नवं टार्गेट ठरवायचं होतं. लायनीवरून नजर फिरवून त्याने ताईकडे बोट दाखवलं.

"ही तुझी बहीण ना? हिच्यावर लाव. घरच्या माणसाला किती सूट देतोस ते कळू दे तरी."

त्याने ताईकडे पाहिलं आणि डोळ्यांनी विनवलं, की नेहमीसारखंच कर, जड हातानेच कर. शेजारणीने टेबलाखालून तिला पाय मारला. पण ताईच्या डोक्यात साहेबाचं ते वाक्य बसलं होतं. तिच्या भावावर चारचौघांत कुणी संशय घ्यावा? तिने बाह्या वर सारल्या.

"लाव रे," ती म्हणाली.

आणि तिचे हात चालले. आखडलेली ती बोटं कुठे गेली कोण जाणे. स्प्रिंग, पट्टी, स्क्रू, झाकण; एक स्विच खाली ठेवते न ठेवते तोच दुसरा हातात. लायनीवर कुणी शिंकलं नाही की खोकलं नाही. स्प्रिंग वाकडी होती असं म्हणून मोजणी रद्द करणं त्याच्या हातात होतं, यापूर्वी परक्या बायकांसाठी त्याने ते केलंही होतं. आज केलं नाही. साहेब खांद्याशी उभा होता. त्याने दिसलं तसं लिहिलं.

तेच टार्गेट झालं. घटकाभर दाखवलेला वेग आता दिवसभर हवा होता. तरण्याताठ्या पोरींची दमछाक झाली, मग ताईची काय कथा? बायकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. डबा उघडायला ती जिथे बसे तिथून बाकीच्या उठून जात. आणि टार्गेट पुरं होत नाही म्हणून जिला सगळ्यांत आधी घरी बसवलं, ती ताईच.

तो तिच्याकडे गेला तेव्हा तिने शिव्या घालाव्यात, निदान रडावं, अशी त्याची फार इच्छा होती. तिने त्याला जेवायला वाढलं. मग म्हणाली, "नोकरीचं जाऊ दे. ती आज ना उद्या जायचीच होती. पण बायकांना एवढं सांगशील का? म्हणावं, तिने मुद्दाम नाही केलं. तुझ्या नावाला बट्टा नको म्हणून हात चालले. इतकी वर्षं एका टेबलाला बसलो रे आम्ही. माझं नाव निघालं की थुंकायला नकोत."

"सांगतो, ताई. उद्याच सांगतो."

"सगळ्यांसमोर सांग. एकेकीला गाठून नको."

त्याने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी तो लायनीवर गेला. ताईच्या जागेवर एक नवी मुलगी बसली होती आणि शेजारीण तिला स्प्रिंग कशी धरायची ते दाखवत होती. त्याला पाहताच तिने त्या मुलीच्या मनगटावर हलकेच हात ठेवला. मुलगी शहाणी होती, तिचा हात लगेच जड झाला. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी लाइन मंदावली. सगळ्याजणी मान खाली घालून थांबल्या होत्या, त्याने बोलावं म्हणून नव्हे, त्याने उरकून निघून जावं म्हणून. मागे काचेच्या खोलीत साहेब फोनवर बोलत होता.

तो खाकरला. दोघीतिघींनी वर पाहिलं.

त्याने वॉच हातात घेतला आणि बटण दाबलं.