साध्या बुरशीलाही विचारा

मित्रांनो, अशी कल्पना करा की तुम्ही डोळ्यांना दिसणार नाही इतके लहान आहात, काचेच्या नळीत राहता, आणि तुमचं नाव काढलं की माणसं नाक मुरडतात. मी तशीच एक जुनी बुरशी आहे. उमरखेडच्या एका तान्ह्या बाळाच्या जिभेवर मी पांढरा थर धरून बसले होते. तिथून मला यवतमाळच्या प्रयोगशाळेत आणलं. बाळाला छळलं, हे मी नाकारत नाही. पण खोटं मी खपवून घेणार नाही!

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. पुढे तिथल्या संशोधक ममताताईंनी माझ्या काही बहिणींच्या एका जनुकाला कळ बसवली. जंतूंवरचं एक औषध, म्हणजे प्रतिजैविक, दिलं की कळ दबे आणि जनुक बंद पडे. मग एरवी आमचं काही न बिघडवणारं बुरशीनाशक टाकताच बहिणी पटापट मरत. "जनुक बंद, बुरशी खलास!" ताई म्हणत. दोन वर्षांची मेहनत फळाला आली होती. मला, बिनकळेच्या बुरशीला, कुणी विचारेना. उलट जागा अडते म्हणून एका सकाळी, उकळून फेकून द्यायच्या नळ्यांच्या ट्रेमध्ये मला ठेवलं.

"आई, इले काहून फेकून राह्यली?" सुट्टीत आलेल्या त्यांच्या लेकीनं, शीलानं विचारलं.

"साधी आहे ते. काय कामाची?"

"इले ते कळेचं औषध दिलं होतं?"

"तिले कळच नाही, तर कायले देऊ?"

"मंग बाकीच्या कळेनं मेल्या का औषधानं, कसं समजलं? बोरी अरबच्या आबानं नव्या बियाण्यावर टॉनिक मारलं, तं बोंडं लदलद आली. टॉनिकवाला म्हणे माह्यी कमाल, बियाणेवाला म्हणे माह्यी. बाकी गावाचा कापूस बुडून राह्यला होता ना, म्हणून जो तो काही ना काही विकाले येई. मंग आबानं जुन्या बियाण्याच्या एका तासाले, एका ओळीलेही टॉनिक मारून पाह्यलं, कमाल कोणाची ते समजाले."

"मोठी आली आबाची नात!" ताई हसल्या. पण ट्रेकडे गेलेला हात थांबला.

त्यांनी माझा थोडा अंश बशीत पसरला. तेच औषध दिलं, मग बुरशीनाशक. मित्रांनो, मीही मेले, कळ नसताना! ते औषध नुसती कळ दाबत नव्हतं, आम्हालाही दुबळं करत होतं. नळीत उरलेली मी आजही ठणकावून सांगते: साधी म्हणून जिला बाजूला सारता, तिलाही विचारा. तिला जपा.

ताईंनी ॲप्रन काढून खुंटीला टांगला. "दोन वर्षं गेली पाण्यात."

"काहून? औषध कमी टाकून पाह्य ना. कळ दबली पाह्यजे, पण बुरशी दुखावली नाही पाह्यजे."

शीलानं ॲप्रन खुंटीवरून काढला आणि बाह्या नीट उघडून आईच्या मागे धरून उभी राहिली.